पिवळ्या शाळेतले सहा पालक

माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे आजारी माणसाला पटवणं, की बाबा, तुला आजारी पडायचा अधिकार आहे.

नोकरीच्या आठवणी लिहायला माणूस निवृत्त लागतो, निदान त्याच्या चष्म्याला दोरी तरी लागते. माझं वय तिशीच्या आत आणि नोकरी म्हणावी असं काही नाही. मी शाळा कर्मचाऱ्यांच्या एका छोट्या संघटनेचं काम करते. ऑफिस बोईसरला, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. खाली मोठं यंत्र चालू झालं की वर आमचं टेबल थरथरतं. आजवर मी फक्त पत्रकं लिहिली. पत्रकात तीन उद्गारचिन्हं दिल्याशिवाय माझं वाक्य संपत नाही. संपादकांनी बजावलंय की दिवाळी अंकात एकेकच चालेल. प्रयत्न करते.

आधी धंदा समजावून सांगते, कारण खुद्द शाळेतल्या लोकांनाही तो ठाऊक नसतो. शाळेतला माणूस आजारी पडला तर उपचाराचा खर्च कोण करणार? तो कुठल्या दाराने शाळेत शिरला त्यावर ठरतं. अनुदानित शाळेचा शिक्षक असेल तर सरकार करतं. पण आधी स्वतः करायचा, मग बिलं जोडायची, मग शंका यायच्या, मग शंकांना उत्तरं द्यायची. पालघरच्या एका गुरुजींना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्या बिलावर शंका आली, ‘सदर आकस्मिक आजाराची पूर्वकल्पना कार्यालयास का दिली नाही?’ गुरुजी मराठीचे. त्यांनी त्या शंकेतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, खाली ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारला आणि कागद परत पाठवला. हृदय केव्हाच बरं झालं. बिल अजून आजारी आहे.

दुसरं दार खासगी शाळेच्या शिक्षिकांचं. त्यांना कधी कधी विमा कंपनीचं गुळगुळीत कार्ड मिळतं. तारापूरच्या एका बाईंनी कंपनीला फोन करून विचारलं, माझ्या जवळचं हॉस्पिटल कोणतं? कंपनीने नकाशावर सरळ रेघ मारून एक हॉस्पिटल सांगितलं. मध्ये खाडी. होडी असती तर बाई अगदी वेळेत पोचल्या असत्या.

आणि तिसरं दार मागचं. तिथून शिरतात मावश्या, बसवरचे क्लीनर, वॉचमन. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात. खरं तर यांच्यासाठीच कामगार विमा आहे. पगारातून चिमूटभर कापायचं, मालकाने ओंजळभर घालायचं, आणि मग त्या माणसाचा व त्याच्या घरच्यांचा दवाखाना, औषध, ऑपरेशन त्यातून. शाळेलाही हा कायदा लागू आहे. पण तो दहा माणसं कामाला असली की लागतो. म्हणून मी ज्या शाळेची गोष्ट सांगणार आहे तिथे नऊ माणसं होती. पोरं कित्येकशे, तीन मजले, सहा बस, आणि कामाला म्हणे नऊ! बाकीच्या शिक्षिका ‘प्रशिक्षणार्थी’. मावश्या मुळात नव्हत्याच.

शाळा सालवडच्या बाजूला. नाव देत नाही. पत्रकात दिलं होतं, ते तिथल्या प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये माझ्या फोटोसकट लावून ठेवलंय. सगळे तिला पिवळी शाळा म्हणतात कारण ती इतकी पिवळी आहे की उन्हात बघवत नाही. शाळेच्या चेअरमनसाहेबांचा एमआयडीसीत कारखाना आहे. कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराचं विमा कार्ड आहे, कारण तिथे तपासणी होते. शाळेतल्या बाईचं नाही. मी एकदा त्यांना गाठून कारण विचारलं. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, “कारखाना व्यवसाय आहे. शाळा परिवार आहे. परिवारात कोणी विमा काढतं का?”

मी म्हटलं, “काढतात. रोज टीव्हीवर जाहिरात येते.”

त्यानंतर माझा फोटो लागला.

सुनंदामावशी माझ्याकडे आल्या त्या गेल्या वर्षी श्रावणात. घिवलीच्या. घर मच्छीमारांचं, नवरा आणि दीर बोटीवर, जाऊ सुकी मच्छी विकते, आणि या पिवळ्या शाळेत केजीच्या मावशी. पन्नाशीच्या पुढे, आवाज असा की किनाऱ्यावरून बोटीला ऐकू जावा. त्या दिवशी मात्र जिना चढून आल्या आणि बोलल्याच नाहीत. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून खुर्चीत बसून राहिल्या. पित्ताशयात खडे होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काढून टाका, नाहीतर एक दिवस धावपळ होईल आणि तेव्हा धावायला वेळ नसेल. कळ आली की त्या केजीच्या संडासाच्या पायरीवर बसत आणि मॅडम दिसल्या की उठत.

“मावशी, कायद्याने तुम्हाला कार्ड मिळायला पाहिजे,” मी सुरू झाले. “ऑपरेशन, औषधं, सगळं त्यातून होतं.”

“आन् नोकरी?”

“राहील की.”

“कोन बोलतं?”

“कायदा.”

“कायदा येल का सकाली गेटवर? दुबे वॉचमन मला आत सोडतो का नाय ते बघायला?”

उत्तर नसलं की मी पत्रक देते. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट पाहिलं, चार घड्या घातल्या आणि खाली वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

“आता हलत नाय,” त्या म्हणाल्या.

खरंच हलत नव्हतं. इतक्या वर्षांत संघटनेला हे सुचलं नव्हतं.

“मॅडम बोलतात, आपन परिवार हाय,” जाता जाता त्या म्हणाल्या.

“परिवारात माणूस आजारी पडलं तर हॉस्पिटलात नेतात!”

“नेतील ना, माज्या घरातले नेतील. मॅडमचा परिवार येगला.”

नाव गुप्त ठेवून मी विमा कार्यालयात तक्रार दिली. तिथले अधिकारी शांत गृहस्थ होते. काहीही सांगितलं तरी “बरं” म्हणायचे. मी संतापाने लाल होऊन तासभर बोलले, ते आठ-दहा वेळा बरं म्हणाले. मला वाटलं, झालं, हेही गेलं फायलीत. पण एका सकाळी ते न सांगता पिवळ्या शाळेत जाऊन उभे राहिले.

पुढचं मला सुनंदामावशींकडून कळलं. वॉचमन दुबेजींनी वर्दी दिली तशा पाच मावश्या गच्चीवर पळाल्या. सुनंदामावशींना कळ आली होती, त्यांना पळता आलं नाही. त्या व्हरांड्यात झाडू घेऊन तशाच उभ्या. समोरून मॅडम आणि अधिकारी आले.

“या कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

मॅडमनी क्षणभर सुनंदामावशींकडे पाहिलं, क्षणभर झाडूकडे. मग म्हणाल्या, “पालक. आमच्याकडे पालक श्रमदान करतात.”

“बरं. या एकट्याच?”

“नाही नाही, आहेत पाच-सहा. शाळेवर फार प्रेम आहे त्यांचं.”

“बरं. मला भेटायला आवडेल त्यांना. पालकसभा कधी आहे?”

खोटं बोलायला हुशारी लागते आणि ती मॅडमकडे होती. पण एकदा बोललेलं खोटं पगारावर ठेवावं लागतं, याचा त्यांनी विचार केला नव्हता. आता सहा पालक उभे करणं भाग होतं. आणि खरे पालक झाडू मारतो म्हणायला कशाला येतील? ते फी भरतात. तेव्हा मावश्यांनाच पालक करायचं ठरलं.

तालीम झाली. रिकाम्या वर्गात सहाजणींना बाकांवर बसवून मॅडमनी प्रत्येकीला एकेक मूल वाटून दिलं. मुलाचं नाव, वर्ग, तुकडी पाठ करायची. साहेबांनी विचारलं तर एवढं सांगायचं, वर ‘शाळा छान आहे’ म्हणायचं आणि बसायचं. तुळसा नावाची एक तरुण मावशी होती, आतल्या डोंगराकडच्या पाड्यातली. तिच्या वाट्याला हृधान आला. ती दोन दिवस ते नाव घोकत होती. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, “मॅडम, मला सरळ नावाचा पोर द्या.” तिला ओम दिला. सुनंदामावशींना घोकावं लागलंच नाही. “मला कंचाबी द्या,” त्या म्हणाल्या. “कोन डब्यातली भाजी बाकाखाली टाकतो, कोन फ्लशला घाबरतो, सगली मला म्हाईत हायत.” त्यांना आरव दिला, सीनियर केजी ब. त्याचे आईवडील दोघं नोकरीला, सभेला कधीच येत नसत. सुनंदामावशी त्याची आजी झाल्या.

हे ऐकून मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. “मावशी, हीच संधी आहे! साहेबांसमोर उभं राहून खरं सांगून टाका!”

“तुज्यासारकं माजं नाय,” त्या म्हणाल्या. “तू बोललीस तं तुजा फोटो लागला. मला काडली तं माज्या जागी दुसरी लागंल.”

“आणि पोटातले खडे?”

“ते कुटं चाललेत?”

असा युक्तिवाद कुठल्याही पत्रकात बसत नाही.

सभेच्या दिवशी मी शाळेत गेले. हक्काने गेले. माझ्या भावाची ओवी तेव्हा त्याच शाळेत ज्युनियर केजीत होती. तिला तिथे घालू नका म्हणून मी घरात निषेध नोंदवला होता. वहिनीने तो ऐकून घेतला आणि फी भरली. वहिनीला बँकेत सुट्टी मिळेना, म्हणून सभेला आत्या. गेटवर दुबेजींनी मला ओळखलं.

“दीदी, आपका तो फोटो लगा है अंदर।”

“आज मैं बुआ हूँ।”

त्यांनी विचार केला. “बुआ का फोटो नहीं है। जाइए।”

हॉलमध्ये सहाजणी दुसऱ्या रांगेत लग्नाला आल्यासारख्या बसल्या होत्या. सुनंदामावशी जांभळ्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर पर्स. ती पर्स मॅडमची होती. शेजारी एक खऱ्या पालकबाई होत्या, अत्तर लावलेल्या. त्यांनी गोड हसून विचारलं, “तुमचा कोण?” तुळसा म्हणाली, “ओम. शाळा छान हाय.” बाई म्हणाल्या, “हो ना, पण पाणीच नसतं हो.” तुळसा म्हणाली, “शाळा छान हाय,” आणि घाम पुसला.

पहिली गडबड सभा सुरू होण्याआधीच झाली. पाहुण्यांना पाणी द्यायला कोणी नव्हतं. देणाऱ्या सगळ्या पालक झाल्या होत्या. मॅडम स्वतः ट्रे घेऊन आल्या. सवय नव्हती. एक ग्लास अधिकाऱ्यांच्या विजारीवर गेला. सहाजणींचे सहा पदर आपोआप हलले, पण मॅडमनी असं काही पाहिलं की पुन्हा मांडीवर बसले.

भाषण झालं. संस्कार, परिवार, गुणवत्ता. मग अधिकारी उठले. “श्रमदान करणारे पालक कोण? हात वर करा.”

सहा हात. घट्टे पडलेले, फिनेलने सोललेले. मला वाटलं, झालं, कोणीही ओळखेल. पण हॉलमध्ये हातांकडे पाहतं कोण? सगळे साड्यांकडे पाहत होते.

“आजी, तुम्ही सांगा,” अधिकारी म्हणाले. “तुमचं मूल?”

सुनंदामावशी उठल्या. “आरव. शीनियर केजी ब. शाळा छान हाय.” आणि बसायला लागल्या.

“बरं. काही सूचना आहे का?”

त्या अर्ध्यात थांबल्या. त्या शाळेत आजवर कोणी त्यांना सूचना विचारली नव्हती. दिल्या मात्र रोज जात. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची पर्स काखेत मारली आणि पुन्हा सरळ उभ्या राहिल्या.

“हाय ना सूचना.”

“आजी, वेळ कमी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मी पालक हाय ना? मंग बोलू दे.”

आणि हो, पालकाला गप्प कसं करणार! पालक म्हणजे फी. हे सुनंदामावशींना तिथेच उभ्या उभ्या उमगलं, आणि जो आवाज आजवर बोटींना हाका मारत होता तो हॉलमध्ये सुटला.

“केजीच्या संडासाला दुपारनंतर पानी नाय. खालून बादल्या चडवाव्या लागतात, तीन माले. फिनेलमंदी पानी हाय का पान्यामंदी फिनेल हाय, कलत नाय. आन् त्या मावश्या...”

“कोणत्या मावश्या?” अधिकाऱ्यांनी मान वर केली.

“हायत बिचाऱ्या,” सुनंदामावशी पापणी न लववता म्हणाल्या. “दिसभर उब्या. पोटात कल आली तरी उब्या. बसाया एक स्टूल नाय. आमी पालक एवडी फी भरतो ती काय त्यांना पायरीवर बसवाया? त्यांना हातमोजे द्या. ते कार्ड का काय असतं ते द्या. उद्या त्यातली एकादी मेली तं आमच्या पोरांची ढुंगनं कोन धुनार, मॅडम धुनार?”

मागून टाळी पडली. रात्रपाळी करून थेट आलेले एक वडील होते, अजून कंपनीच्या गणवेशात. “आजी एकदम करेक्ट बोलल्या,” ते म्हणाले. “आमच्या प्लांटमध्ये हेल्परलासुद्धा कार्ड आहे.” अत्तरवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तुळसाने पण वाजवल्या, मग शेजारणीने चिमटा काढल्यावर थांबवल्या. एवढं होईपर्यंत सुनंदामावशींची मूठ बरगडीखाली गेली होती. बसताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

पण मॅडम काही कच्च्या नव्हत्या. “आजींच्या सूचनांचं स्वागत आहे,” त्या हसून म्हणाल्या. “आमचे श्रमदानी पालक स्वतःलाच प्रेमाने मावश्या म्हणवून घेतात.” अधिकारी म्हणाले, “बरं.” मी खुर्चीत मुठी आवळून बसले होते. एवढं होऊन ते परत बरं! माझ्या तोंडात ‘जाहीर’ हा शब्द तयार होता, ‘निषेध’ त्याच्या मागे उभा होता. तेवढ्यात ज्युनियर केजीचं स्वागतगीत जाहीर झालं आणि फुलपाखरं स्टेजवर आली.

तिसरं फुलपाखरू आमची ओवी. पंख एका बाजूला कललेले. दोन ओळी गायली, थांबली, आणि स्टेजच्या मधोमध भडाभडा ओकली.

इथे एक खुलासा करते. ही उलटी संघटनेने घडवून आणली असं शाळेचं म्हणणं आजही आहे. चेअरमनसाहेबांनी तसं लेखी दिलंय. खोटं आहे. वहिनीने सकाळी दुधावर शिकरण दिलं होतं. आमच्या संघटनेला साधी सभा वेळेवर घडवून आणता येत नाही, उलटी कुठली.

पहिल्या रांगेतल्या खऱ्या पालकांनी पाय वर घेतले. शिक्षिका मागे सरकल्या. मी सख्खी आत्या, पण जागच्या जागी थिजले. आणि मॅडम, ज्यांनी दोन दिवस तालीम घेतली होती, प्रत्येकीला नाव-वर्ग-तुकडी पाठ करून दिली होती, त्या दुसऱ्या रांगेकडे वळून रोजच्या आवाजात ओरडल्या,

“सुनंदा! बघत काय बसलीस? पोछा आण! तुळसा, बादली! बाकीच्या काय नटून बसल्यात?”

सहा पालक उठले. कोणी थांबून विचार केला नाही. तुळसा लग्नातली साडी खोचत नळाकडे धावली. एकीने खिडकीतलं वर्तमानपत्र ओढून स्टेजवर पसरलं, एकीने उरलेली फुलपाखरं बाजूला नेऊन भिंतीला उभी केली. सुनंदामावशींनी पर्स अधिकाऱ्यांच्या हातात दिली, स्टेजवर चढून ओवीला कडेवर घेतलं आणि आपल्या जांभळ्या पदराने तिचं तोंड पुसलं. ओवी त्यांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “मावशी, माझे पंख घाण झाले.”

“धुवून देते गो बाय. वाल्लं की उडायचं.”

हॉलमध्ये फक्त पोछ्याचा आवाज. मॅडम तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. आपण काय बोललो ते त्यांना कळायला स्टेज पुसून होईपर्यंत वेळ लागला.

अधिकारी पर्स हातात घेऊन स्टेजपाशी आले. सुनंदामावशी ओवीला खाली उतरवायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. कळ आली होती, जोराची. अधिकाऱ्यांनी खुर्ची ओढली. “बसा आजी.”

त्या बसल्या. श्वास जमवला. एका बाजूला मॅडम, एका बाजूला साहेब. मला माहीत होतं त्या काय तोलतायत. घरातला महिन्याचा एकच भरवशाचा पगार त्यांचा. पावसात बोटी बंद असतात.

“तुम्ही आरवच्या आजी?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“आरवची आज्जी सफाळ्याला असते,” त्या म्हणाल्या. “मी हितली मावशी. पालक आज सकालपासून झालेय.”

गणवेशातले वडील इतके हसले की त्यांना खोकला आला. मग बाकीचे. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी वळून मॅडमना विचारलं, “कामाला नऊ म्हणालात. नऊ आणि सहा किती?”

मॅडम गणिताच्या. तरीही त्या बोटांवर मोजू लागल्या.

“बरं,” अधिकारी म्हणाले. हे त्यांचं पहिलं बरं जे मला आवडलं.

त्यानंतरचं सांगायला फार मजेचं नाही. नोटिसा, सुनावण्या, चेअरमनसाहेबांची ‘परिवारात फूट पाडली’ ही तक्रार. मावश्यांना काढायची भाषा दोन आठवडे झाली. मग गणवेशातल्या वडिलांनी गेटवर पालक जमवले, खरेखुरे, आणि भाषा थांबली. मी त्या सभेसाठी झकास पत्रक काढलं होतं. वडिलांनी ते वाचून म्हटलं, “ताई, तुम्ही नका वाटू, लोक घाबरतील.” कार्डं झाली. तुळसाचं झालं नाही. फोटो काढायच्या आधीच दिवाळी झाली आणि ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली. मी भट्टीच्या मुकादमाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “अशी कोणी नाही इथे.” शाळेने निदान तिला पालक तरी केलं होतं. तिचं नाव मी अजून प्रत्येक पत्रात घालते. त्याचा राग मला कसा लिहायचा ते येत नाही. एका उद्गारचिन्हात तर नाहीच नाही.

सुनंदामावशींचं ऑपरेशन कार्डावर झालं. आजारपणात पगाराचा काही भाग मिळायला आधी वर्गणीचे महिने भरावे लागतात, ते त्यांचे भरलेले नव्हते. म्हणून रजा बिनपगारी. त्यावर माझं भांडण चालू आहे. पण सुट्टी डॉक्टरांनी लिहून दिलेली, शाळेला मान्य करावी लागलेली.

पंधरवड्याने मी घिवलीला त्यांना बघायला गेले. ओटीवर खाटेवर पडल्या होत्या. अंगणात जाऊ बोंबील बांबूला टांगत होती आणि या पडल्या पडल्या तिला कुठला कुठे टांग ते सांगत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा. मावशींनी स्पीकर लावला.

“सुनंदा, अगं तो नवा मुलगा रडायचा थांबतच नाहीये. सकाळपासून. काय करतेस गं तू?”

“काय नाय करत. खिडकीत बसवते, बस दाकवते.”

“बघ ना, कोणाला जमत नाहीये. तू दोन मिनिटं येऊन जा ना. रिक्षा पाठवते. जरा बसूनच राहा.”

“मॅडम, मी आजारी हाय.”

“हो गं, माहितीये, पण...”

“पन नाय. आजारी म्हंजे आजारी. लिवून दिलाय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

जावेचा हात बोंबलासकट हवेत राहिला. मी टाळी द्यायला हात पुढे केला. मावशींनी टाळी दिली आणि टाके दुखले म्हणून कण्हल्या.

“आता काय करायचं असतं?” त्यांनी मला विचारलं.

“कशात?”

“रजेत.”

“काही नाही करायचं, मावशी. पडून राहायचं.”

त्या पडून राहिल्या. अंगणातले बोंबील मोजले, पायाचा अंगठा हलवून पाहिला, उशी उलटी केली. मग मान माझ्याकडे वळवली.

“किती येल पडून ऱ्हायचं?”